मधला दगड

चुना मी जानेवारीतच भिजत घातला होता.
गुळाचं पाणी, हिरडा, चिऱ्याची बारीक भुकटी
आणि रोज सकाळी एकदा ढवळणं.
चुन्याला घाई चालत नाही, आणि
कुडतरीच्या सिमितेरीत घाई होती तरी कुणाला?

समितीला होती.
नोव्हेंबरच्या दोन तारखेआधी, मृतांच्या दिवसाआधी,
कपेल तयार हवं: पंखे, प्लग, चाळीस खुर्च्या.
"मयतं आता थेट चर्चमधून येतात," बोनिफास म्हणाला.
"इथं मुलांची शिकवणी बसवू, शनिवारी व्हायोलिन,
मंगळवारी म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर."
त्याच्या हातात नकाशा होता. नकाशात
मधला दगड नव्हता.

मधला दगड म्हणजे साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद,
कमरेइतका उंच.
शेवटच्या प्रार्थनेला पेटी ठेवायचे, तो.
कडा गुळगुळीत,
पेटी टेकवताना मनगटं घासून घासून झालेल्या.

पहिले दोन महिने आम्ही नुसतं सिमेंट काढलं.
सत्तर-बहात्तर साली कुणीतरी मायेनंच थापलेलं,
आणि आत भिंत घामेजून मिठासारखी फुटलेली.
माया करायलाही कळावं लागतं, असं मी सगुणला म्हटलं.
तो फोनवर बायकोशी बोलत होता.

दुपारी मी त्याच दगडावर झोपायचो.
हसू नका. मे महिन्यात अख्ख्या सासष्टीत
त्याच्याइतकी गार जागा नाही.
मी पाच फूट सहा. डोक्याशी डबा मावायचा,
पायाशी टोपी.
वर कौलं चढायची होती अजून,
वाशांच्या चौकटीत घार फिरताना दिसायची.
वाटायचं, इथं पडून राहून गेलेल्यांना
नुसतं छप्परच दिसलं असेल.
मग आठवायचं, पेटीला झाकण असतं.

एकदा डोळे उघडले तर क्लोतील्द मावशी उभी.
काळा पोशाख, बगलेत छत्री, पिशवीत उंडे.
मी धडपडत उठलो. ती म्हणाली, "नीज रे.
माझा इनास इथं अर्धा तास होता.
तुझ्याहून वीतभर उंच. पहिली पेटी आखूड पडली,
सुताराला परत..."
तिथंच थांबली. दगडावरून हात फिरवला,
पोळपाट नीट धुतलाय का बघतात तसा.
"हा काढणार?"
मी म्हटलं, नकाशात नाही.
"नकाशा ज्यानं काढला, त्याला आणून इथं निजव."

ड्रिलवाला मडगावहून आला, दिवसाच्या बोलीवर.
मावशी दगडावर बसून वाल सोलत होती.
दुसऱ्या दिवशी कोलंबी.
तिसऱ्या दिवशी तिनं ड्रिलवाल्यालाच सोलायला बसवलं.
बोनिफासनं तीन दिवसांचे पैसे मोजून दिले,
नकाशा उलटा केला,
पाठच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं चार भिंती काढल्या
आणि आत, सगळ्यात आधी,
एक लांबट चौकोन.
खुर्च्या बत्तीसच बसल्या.

पावसाळ्यानंतर मी पुन्हा गेलो,
खिडकीखाली केसाएवढी भेग होती म्हणून.
शनिवार होता, ते विसरलो होतो.
आत अकरा पोरं, हनुवटीखाली व्हायोलिनं,
सूर असा की भिंतीनं भेग घ्यावी ते बरोबरच.
आणि दगडावर ओळीनं
व्हायोलिनच्या पेट्या.
अकराच्या अकरा, झाकणं उघडी,
आत निळं-लाल मखमल,
आत कुणी नाही.

घमेलं ठेवायला जागा नव्हती.
मी टोकाची एक पेटी
थोडी सरकवली.